बिंदू, आखणी आणि माग : सेलू–जिंतूर परिसरातील बारवांच्या जीपीएस नोंदींचे कामकाज

१२ जानेवारी २०२५, रविवार

परभणी जिल्ह्यातील सेलू आणि जिंतूर या दोन तालुक्यांतील बारवा, आड आणि दगडी बांधणीच्या जुन्या विहिरी यांची स्थाने टिपून ठेवण्याचे काम गेल्या दिवाळीनंतर आम्ही पाच जणांनी हाती घेतले. वालूरच्या चक्राकार पायऱ्यांच्या बारवेपर्यंत किंवा चारठाण्याच्या मंदिरांपर्यंत कोणीही विचारत विचारत पोहोचू शकतो; परंतु शिवारात एकट्या पडलेल्या बारवांकडे जाणाऱ्या पांदणी आता नांगराखाली गेल्या आहेत, आणि त्या दाखवू शकणारी माणसे सत्तरीच्या पुढची आहेत. ती आहेत तोवर त्यांच्या बरोबर चालून घ्यावे, हा आमचा हेतू आहे.

दोन महिन्यांत चार फोन आणि एक हातात धरायचे जुने जीपीएस यंत्र यांच्यातून ४१ फायली जमल्या. आज त्या सर्व एका संगणकावर उतरवल्या आणि एकेक उघडून पाहिल्या. निम्म्याहून अधिक फायलींत नेमके काय आहे हे ज्याने ती फाइल केली त्यालाही सांगता आले नाही. 'ट्रॅक ३' नावाच्या फायलीत एकच बिंदू होता, आणि 'बारव' नावाच्या फायलीत सेलू बसस्थानकापासूनची सगळी वाट होती. त्यामुळे पुढचे काम तूर्त थांबवून, आपण जे शब्द वापरतो त्यांचा अर्थ आधी ठरवावा, असे मी सुचवले आणि ते सर्वांना मान्य झाले.

वेपॉइंटला आम्ही 'बिंदू' म्हणणार आहोत. अक्षांश आणि रेखांश यांची जोडी, तिला दिलेले नाव, आणि ती कोणी व केव्हा घेतली ही माहिती, एवढे सर्व मिळून एक बिंदू होतो. नुसत्या आकड्यांच्या जोडीला बिंदू म्हणायचे नाही. ट्रॅक म्हणजे प्रत्यक्ष चालताना यंत्राने ठरावीक वेळाने किंवा ठरावीक अंतराने आपोआप टिपलेल्या स्थानांची मालिका, आणि तिच्यातील प्रत्येक स्थानाला वेळेची जोड असते. दावे तोडून गेलेल्या जनावराचा आपण माग काढतो, आणि तो माग जनावर तिथून गेल्यानंतरच जमिनीवर उमटलेला असतो, म्हणून ट्रॅकला 'माग' हा शब्द मला सर्वांत चपखल वाटला. रूट म्हणजे जिथे जायचे आहे त्या ठिकाणांचा निघण्यापूर्वी ठरवलेला क्रम. त्यात मोजकेच बिंदू असतात, आणि पाऊल टाकण्याआधीच तो तयार असतो. त्याला मी 'मार्ग' म्हणत होतो, पण आमच्यातील निवृत्त भूकरमापक काकांनी हरकत घेतली. मोजणीच्या वहीत घाईने लिहिताना एक रफार सुटला की 'मार्ग'चा 'माग' होईल, आणि ज्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यासाठी हा खटाटोप चालला आहे त्याच एकमेकींत मिसळतील, असे ते म्हणाले. आक्षेप रास्त होता. रूटला आता 'आखणी' म्हणायचे ठरले आहे.

१९ जानेवारी २०२५, रविवार

ठरलेले शब्द घेऊन पहिल्यांदा शिवारात गेलो. करपरा नदीच्या बाजूच्या तीन ठिकाणांची आखणी मी शनिवारी रात्री केली होती. आखणीत सात बिंदू होते आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषांची बेरीज साडेसहा किलोमीटर होती. प्रत्यक्षात पहिल्याच टप्प्यात भरास आलेली ज्वारी आडवी आली, आणि बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या मामांनी यंत्राकडे बघून सांगितले, "गुरुजी, त्यात दिसतंय तसं सरळ जाता येत न्हाई, मधी नळा हाय. आखाड्याच्या कडंनं फिरून जावं लागतंय." आम्ही आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या गोठ्याच्या, कडेने फिरून गेलो. दिवसअखेर मागाची लांबी अकरा किलोमीटरांच्या वर भरली.

या फरकाची नोंद मी मुद्दाम सविस्तर ठेवतो, कारण नोव्हेंबरातील फायलींत नेमकी हीच चूक झालेली आढळली. आमच्यातील एका विद्यार्थ्याने नकाशाच्या ॲपमध्ये काढलेली आखणीच माग म्हणून जतन केली होती, आणि त्या आधारे वहीत 'डांबरी रस्त्यापासून बारवेपर्यंत पायवाट, अंतर ८०० मीटर' असे लिहिले गेले होते. तिथे पायवाट नाही. दोन बिंदूंमधली एक सरळ रेषा तेवढी होती. उद्या त्या वहीच्या भरवशावर कोणी आजीला घेऊन निघाला तर तो ओढ्यात उतरेल. फाइल माग आहे की आखणी, हे ओळखण्याची सोपी खूण आज सर्वांना समजावली. मागातील स्थानांना वेळ असते, ती सलग वाढत जाते आणि स्थाने दाट असतात. आखणीतील बिंदू विरळ असतात आणि त्यांना वेळ नसते किंवा असलीच तर ती आखणी तयार केल्याची असते.

२६ जानेवारी २०२५, रविवार

झेंडावंदनानंतर तासभर बसलो. सर्व फायली जीपीएक्स या एकाच स्वरूपात ठेवायच्या, असे ठरले. हे स्वरूप २००२ मध्ये आले आणि आज सर्वत्र चालणारी त्याची १.१ ही आवृत्ती २००४ ची आहे. ही साधी मजकुराची फाइल असते, कोणत्याही संपादकात उघडून वाचता येते, आणि वेपॉइंट, रूट व ट्रॅक यांच्यासाठी तिच्यात तीन वेगळे विभाग असतात. आपण ज्या तीन शब्दांवर दोन आठवडे घालवले त्यांची जागा या स्वरूपाने आधीच आखून दिली आहे, हे पाहून समाधान वाटले. ॲपच्या स्वतःच्या खास स्वरूपात काहीही ठेवायचे नाही; ॲप बंद पडले की त्या फायली वाचणारे कोणी उरत नाही.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आजचा पूर्ण दिवस आकडे लिहिण्याच्या पद्धतीवर गेला, आणि तो वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही.

काकांच्या वहीत एका बारवेचा अक्षांश '१९.२७' असा होता, आणि बिंदू संगणकात भरताच तो परभणी शहराच्या अक्षांशावर जाऊन बसला. बारव तर सेलूच्या जवळची. शोध घेतल्यावर उलगडा झाला तो असा. सेलू साधारण १९ अंश २७ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, आणि परभणी दशांश पद्धतीने साधारण १९.२७ अंशांवर. एका अंशाच्या ६० मिनिटांपैकी २७ मिनिटे म्हणजे ०.४५ अंश, म्हणून सेलूचा अक्षांश दशांशात १९.४५ होतो. काकांनी अंश आणि मिनिटे यांच्यामध्ये टिंब दिले होते आणि संगणकाने ते दशांशचिन्ह मानले. फरक ०.१८ अंशाचा, आणि अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असल्यामुळे बारव तब्बल २० किलोमीटर दक्षिणेला सरकली. दोन्ही आकडे आपल्याच जिल्ह्यातले असल्यामुळे चूक नजरेतही भरली नसती.

यंत्रे तीन प्रकारे आकडे दाखवतात: दशांश अंश, अंश आणि दशांश मिनिटे, किंवा अंश, मिनिटे आणि सेकंद. आपण सर्वत्र दशांश अंशच लिहायचे, कारण जीपीएक्स फायलीतही तेच असतात. दशांशचिन्हापुढे पाच स्थळे लिहायची. पाचवे स्थळ सुमारे १.१ मीटर दाखवते. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची अचूकता साधारण पाच मीटर धरली जाते, तेव्हा सात-आठ स्थळे लिहून वहीला जो नेमकेपणा येतो तो खरा नसतो, आणि पुढच्या माणसाची त्याने दिशाभूल होते.

याच बैठकीत काकांनी जपून ठेवलेल्या जुन्या स्थलाकृतिक नकाशाचा विषय निघाला. त्या नकाशावर काही विहिरींच्या खुणा आहेत, आणि आमच्या बिंदूंशी त्या जुळत नव्हत्या. सगळ्या एकाच दिशेला, जवळपास सारख्याच अंतराने सरकलेल्या दिसत होत्या. चूक एखाद्या बिंदूची असती तर ती वेडीवाकडी दिसली असती. सगळे बिंदू एका दिशेने सरकतात तेव्हा मोजण्याचा आधारच वेगळा आहे असे समजावे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या आधारावर चालते, ज्यात पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर धरलेली आहे. पृथ्वीचा आकार आणि तिचे केंद्र कोठे मानायचे याविषयीच्या या दोन निराळ्या गृहीतकांमुळे एकाच जागेचे आकडे बदलतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी काढलेले नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत. जुन्या नकाशावरून घेतलेला प्रत्येक बिंदू यापुढे 'आधार : एव्हरेस्ट' असा शेरा देऊन वेगळ्या फायलीत राहील, आणि रूपांतर केल्याशिवाय तो मुख्य संग्रहात येणार नाही.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

बारवेचा बिंदू घ्यायचा म्हणजे नेमके कोठे उभे राहायचे, हा प्रश्न आज प्रत्यक्ष बारवेच्या काठावर सुटला.

एका विद्यार्थ्याने खाली पाण्याजवळ उभे राहून बिंदू घेतला. खोल दगडी भिंतींच्या मधून आकाशाचा जो चौकोन दिसतो त्यात पुरेसे उपग्रह सापडत नाहीत. स्थान काढण्यासाठी किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असल्यामुळे त्यांचे संदेश मुळातच क्षीण असतात, आणि त्यांतले काही थेट न येता भिंतींवर आपटून येतात. आपटून आलेल्या संदेशाला वेळ जास्त लागतो, यंत्र त्या वेळेचे अंतर करते, आणि त्यामुळे स्थान हलते. खाली घेतलेला बिंदू वर घेतलेल्या बिंदूपासून २६ मीटर दूर, शेजारच्या तुरीत पडला. बारवेची लांबी त्याहून कमी आहे.

ठरले ते असे. बिंदू नेहमी वर, प्रवेशाच्या पहिल्या पायरीशी घ्यायचा. यंत्र हातात स्थिर धरून दोन मिनिटे थांबायचे, म्हणजे अनेक वाचनांची सरासरी निघते. डोक्यावर लिंब किंवा वड असेल तर बाजूला मोकळ्यावर जायचे आणि किती पावले, कोणत्या दिशेला सरकलो ते लिहायचे. यंत्र त्या वेळी जी अंदाजी अचूकता दाखवते तो आकडा बिंदूच्या वर्णनात आलाच पाहिजे. 'प्रवेशपायरी, उत्तर बाजू, अचूकता ४ मीटर' एवढे शब्द असलेला बिंदू वीस वर्षांनीही कोणाच्या उपयोगी पडेल. बारव बुजली तर उरणार आहे ते एवढेच.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

उंचीच्या आकड्यांत दोन गट दिसतात आणि त्यांच्यात पन्नास मीटरांहून अधिक फरक आहे. काही फोन लंबगोलापासूनची उंची जतन करतात आणि काही समुद्रसपाटीपासूनची; भारताच्या दक्षिणेकडील समुद्रात सरासरी समुद्रपातळीचा पृष्ठभाग या लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली जातो, जगात सर्वांत जास्त, आणि त्याच खोलगटाचा परिणाम आपल्या भागापर्यंत पोहोचलेला आहे. आपल्याला बारवेची खोली हवी आहे, जी दोरी आणि टेपने मोजता येते. म्हणून जीपीएसची उंची फायलीत राहू द्यायची, पण वहीत उतरवायची नाही.

२७ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

काल महाशिवरात्र होती. महादेवाच्या देवळाशेजारच्या दोन बारवांवर गर्दी होती आणि गावातील वडीलधाऱ्यांशी बोलणे झाले. चार नवी ठिकाणे कळली. ती अजून पाहिलेली नाहीत, म्हणून ती 'ऐकीव' या वेगळ्या फायलीत, आकड्यांविना, फक्त खाणाखुणांसह लिहिली आहेत. नकाशावर अंदाजाने बोट ठेवून घेतलेला बिंदू मुख्य संग्रहात एकदा शिरला की प्रत्यक्ष घेतलेल्या बिंदूपासून तो वेगळा ओळखता येत नाही.

९ मार्च २०२५, रविवार

आजची नोंद नुकसानीची आहे आणि ती मला जड जाते.

डिसेंबरमध्ये पूर्णेच्या काठाने एका आजोबांबरोबर आम्ही दोन दिवस चाललो होतो. त्या दोन दिवसांचा माग जुन्या हातयंत्रात होता. आज तो उघडला तेव्हा पहिला दिवस पूर्ण गेलेला होता, आणि दुसऱ्या दिवसाची रेषा होती पण तिच्यातील एकाही स्थानाला वेळ नव्हती. आजोबा संक्रांतीनंतर वारले. ती वाट आता त्यांच्याकडून पुन्हा चालून घेता येणार नाही.

कारण शोधून काढले ते येथे नोंदवतो. अशा यंत्रांत चालू माग आणि जतन केलेला माग या दोन वेगळ्या गोष्टी असतात. चालू माग यंत्र सतत लिहीत राहते, आणि त्याची जागा भरली की सर्वांत जुनी स्थाने पुसून त्यांच्या जागी नवी लिहिते. आमचा पहिला दिवस असा पुसला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही 'जतन करा' दाबले, आणि त्यामुळे सर्व सुरक्षित राहील असे मानले. परंतु या जुन्या यंत्राच्या रचनेत जतन करताना जागा वाचवण्यासाठी स्थानांची संख्या कमी केली जाते आणि वेळा काढून टाकल्या जातात. रेषा राहते, पण कोठे किती वेळ थांबलो, म्हणजेच आजोबांनी कोठे उभे राहून काय दाखवले, ते कळण्याचा मार्ग बंद होतो. छायाचित्रे कोणत्या ठिकाणची हे वेळेवरूनच जुळवायचे होते.

यापुढे त्याच दिवशी रात्री चालू माग जसाच्या तसा संगणकावर उतरवल्याशिवाय कोणीही झोपायचे नाही. उतरवलेली फाइल 'मूळ' या कप्प्यात जाईल आणि तिच्यात कधीही, कोणीही, काहीही बदलणार नाही. सफाई, काटछाट, नावे बदलणे हे सर्व 'काम' या कप्प्यातील प्रतीवर होईल. तिसरी प्रत काकांच्या घरी वेगळ्या डिस्कवर राहील.

२३ मार्च २०२५, रविवार

'काम' कप्प्यातील मागांची सफाई सुरू केली. थांबलेल्या ठिकाणी यंत्र गप्प बसत नाही; अचूकतेच्या मर्यादेत स्थान हलत राहते आणि रेषेचा गुंता तयार होतो. आखाड्यावर जेवायला तासभर थांबलो त्या वेळचा गुंता एकत्र मोजला तर जवळपास ७०० मीटर भरला, म्हणजे आम्ही झाडाखाली बसलो असताना कागदावर पाऊण किलोमीटर चाललो होतो. एकूण अंतर सांगण्यापूर्वी असे गुंते काढावे लागतात.

मागाचे खंड पाडण्याची सोय जीपीएक्समध्ये आहे आणि ती आम्ही आजवर वापरली नव्हती. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, किंवा मधले दहा किलोमीटर गाडीने गेलो, तर तिथे नवा खंड सुरू झाला पाहिजे. नाही तर दोन टोकांना जोडणारी एक सरळ रेषा उमटते आणि ती बघणाऱ्याला तिथे वाट आहे असे वाटते. पायी चाललेला प्रत्येक भाग आता स्वतंत्र खंड आहे, आणि गाडीचा भाग वेगळ्या मागात आहे.

स्थाने कमी करण्यासाठी १९७३ सालची डग्लस आणि प्यूकर यांची रीत संगणकात तयार मिळते. रेषेच्या आकाराला धक्का न लावणारी स्थाने ती गाळते. कितपत गाळायचे ते अंतर आपण द्यायचे असते. आम्ही पाच मीटर दिले. वीस मीटर देऊन पाहिले तेव्हा बांधावरून बांधावर वळणारी वाट सरळ झाली, आणि शिवारात त्या वळणांनाच खरा अर्थ असतो.

१३ एप्रिल २०२५, रविवार

उन्हामुळे पहाटे ५ वाजून ५ मिनिटांनी निघालो आणि दहाच्या आत परतलो. संध्याकाळी फाइल उघडली तर मागाची सुरुवात १२ एप्रिल, रात्री ११ वाजून ३५ मिनिटे अशी दिसली. यंत्र बिघडलेले नाही. जीपीएक्समध्ये वेळ नेहमी जागतिक समन्वित वेळेत लिहिली जाते आणि ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणून पहाटे साडेपाचपूर्वी सुरू झालेल्या प्रत्येक मागावर आदल्या दिवसाची तारीख पडते. फायलीच्या आतील वेळेला हात लावायचा नाही. फायलीच्या नावात मात्र आपली तारीख लिहायची, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे संगणकाच्या यादीत त्या आपोआप क्रमाने लागतात.

छायाचित्रे जुळवताना दुसरी अडचण आली. कॅमेऱ्याचे घड्याळ सात मिनिटे मागे होते. सात मिनिटांत माणूस अर्धा किलोमीटर चालतो. आता प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला यंत्राच्या पडद्यावरील वेळेचे एक छायाचित्र काढायचे; घड्याळ किती चुकते ते त्यावरून कळते आणि त्या दिवसाची सर्व छायाचित्रे तेवढीच सरकवता येतात.

२० एप्रिल २०२५, रविवार

नांदेड जिल्ह्यात असेच काम करणाऱ्या एका शिक्षकांनी त्यांचे बिंदू पाठवले, आणि आमचे मागितले. आम्ही पाठवलेले बिंदू त्यांच्या संगणकात स्वालबार्ड बेटांजवळच्या आर्क्टिक समुद्रात उमटले. आमच्या एका तक्त्यात आधी अक्षांश आणि मग रेखांश असा क्रम होता. केएमएल आणि जिओजेसन या नकाशा-फायलींच्या स्वरूपांत मात्र रेखांश आधी लिहावा लागतो. १९ आणि ७६ यांची अदलाबदल झाली की माणूस ७६ अंश उत्तरेला पोहोचतो. एवढी मोठी चूक निदान दिसते तरी. तक्त्याच्या प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर आता पूर्ण शब्द लिहिले आहेत.

त्यांचे काही बिंदू मीटरमध्ये, म्हणजे यूटीएम पद्धतीत होते. या पद्धतीत पृथ्वी ६ अंशांच्या पट्ट्यांत विभागलेली आहे. मराठवाड्याचा जवळपास सर्व भाग ७२ ते ७८ पूर्व रेखांशांच्या ४३ व्या पट्ट्यात येतो, पण किनवट ७८ अंशांच्या पूर्वेला असल्यामुळे ४४ व्या पट्ट्यात पडते. पट्ट्याचा क्रमांक न लिहिता दिलेले मीटरचे आकडे दुसऱ्या पट्ट्यातही तितक्याच खरेपणाने एक जागा दाखवतात, आणि ती जागा शेकडो किलोमीटर दूर असते. एकाच जिल्ह्यात दोन पट्टे असलेल्या त्या सरांना मी सविस्तर पत्र लिहिले आणि देवाणघेवाण दशांश अंशांतच करावी असे सुचवले. त्यांनी ते मान्य केले.

४ मे २०२५, रविवार

बिंदूंची नावे आणि प्रकार यांवर आज शेवटचा हात फिरवला. जुन्या यंत्रात देवनागरी अक्षरे उमटत नाहीत आणि नावाला जागाही थोडीच असते, म्हणून तिथे फक्त अंकांचे सांकेतिक नाव द्यायचे: तालुक्याचे दोन अंक, गावाचे दोन, ठिकाणाचे दोन. ०१०७०३ म्हणजे पहिल्या तालुक्यातील सातव्या गावाचे तिसरे ठिकाण. गावकरी वापरतात ते नाव मात्र तक्त्यात देवनागरीतच राहील. शिवेवरच्या एका बारवेला दोन गावांत दोन नावे आहेत, आणि त्यामुळे ती आमच्याकडे दोनदा नोंदली गेली होती. दोन बिंदूंमधील अंतर १५ मीटरांपेक्षा कमी असेल तर ती नोंद दुहेरी असल्याचा संशय धरून तपासायचे ठरले, आणि तपासणीत अशा सहा जोड्या निघाल्या. त्यांपैकी एका ठिकाणी खरोखरच बारव आणि आड शेजारीशेजारी होते. म्हणून संगणकाला आपोआप गाळू द्यायचे नाही, माणसाने पाहूनच गाळायचे. गाळलेल्या बिंदूचे नावही दुसऱ्या नोंदीत 'पर्यायी नाव' म्हणून राहते.

प्रकाराच्या रकान्यात बारव, आड, पायऱ्यांची विहीर, साधी विहीर आणि कुंड एवढे पाचच शब्द चालतील. 'हेमाडपंती' हा शब्द त्या रकान्यातून मी काढून टाकला. आपल्याकडे कोणत्याही जुन्या दगडी बांधकामाला तो सरसकट लावला जातो, आणि आम्ही कोणीही त्याची पारख करण्यास पात्र नाही. दगड चुन्याविना बसवलेला आहे का, कोनाडे किती, शिल्प आहे का, हे जे डोळ्यांना दिसते ते वर्णनात लिहावे. नाव अभ्यासकांनी ठरवावे.

१८ मे २०२५, रविवार

संग्रह लोकांसाठी खुला करताना किती नेमके आकडे द्यायचे, यावर आज बराच वेळ चर्चा झाली. गुप्तधनाच्या लोभाने जुनी ठिकाणे खोदली जातात हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. गावात, राबत्यात असलेल्या बारवांचे पूर्ण आकडे द्यावेत. एकांतात असलेल्या आणि शिल्प शिल्लक असलेल्या बारवांचे दोनच दशांशस्थळांपर्यंत, म्हणजे साधारण एक किलोमीटरच्या आत कोठेतरी, एवढेच द्यावेत, आणि पूर्ण आकडे ग्रामपंचायतीकडे लेखी सोपवावेत, असे ठरले. विद्यार्थ्यांना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांनी एवढ्या कष्टाने मिळवलेला नेमकेपणा आपणच पुसायचा हे त्यांना खटकत होते. मूळ कप्प्यात तो तसाच राहणार आहे, हे दाखवल्यावर ते राजी झाले.

मागांची टोकेही छाटली. बहुतेक माग आमच्या घरांच्या दारात सुरू होतात आणि काही शेतकऱ्यांच्या आखाड्यांतून जातात. ज्यांनी आपल्या रानातून जाऊ दिले त्यांना विचारल्याविना त्यांच्या अंगणातून जाणारी रेषा जाहीर करणे योग्य नाही. अकरा जणांना विचारून झाले, नऊ जणांनी होकार दिला, आणि दोघांच्या रानातील खंड काढून टाकले.

१ जून २०२५, रविवार

काल आमच्यापैकी कोणीही बरोबर न जाता, जिंतूरकडच्या एका शाळेतील बाईंनी नववीच्या सहा मुलींना घेऊन ०२०४०१ हे ठिकाण शोधले. त्यांच्या फोनमध्ये आम्ही दिलेला बिंदू आणि जानेवारीतील माग, एवढेच होते. ज्वारी निघून गेल्यामुळे त्यांना मागावरून चालताना एक वळण अनावश्यक वाटले, तरी त्या मागावरूनच गेल्या, आणि त्या वळणाच्या आतल्या बाजूला घाणेरीने झाकलेला आड त्यांना दिसला. मामांनी आम्हाला तिथून बाहेरून का नेले, ते आज कळले. तो आड आमच्या नोंदीत नव्हता. मुलींनी मोकळ्यावर उभे राहून दोन मिनिटे थांबून बिंदू घेतला आहे, अचूकता ५ मीटर लिहिली आहे, आणि आडापासून किती पावलांवर, कोणत्या दिशेला उभ्या होत्या तेही लिहिले आहे. त्याला ०२०४०२ हा क्रमांक दिला.

'ऐकीव' फायलीत अजून सात ठिकाणे आहेत. मे महिन्यातच पाऊस झाल्यामुळे काळ्या रानात पाय रुतू लागले आहेत, आणि कापसाची सरकी टोबली की बांधावरून जाणेही अवघड होईल. म्हणून जवळची तीन ठिकाणे येत्या रविवारी घ्यायची आहेत. आखणी काकांकडे आहे. पहाटे पाचला निघायचे असल्यामुळे माग आदल्या तारखेचा दिसेल. फायलीच्या नावात ८ जूनच लिहायचे आहे.